मगदूमशेठचं वजन

२ मे १९४९, सोमवार. सायंकाळी ६.३०

आजपासून रोजनिशी. वही फौजेतली आहे, क्वार्टरमास्टर स्टोअरची. पहिल्या चार पानांवर बसऱ्याला वाटलेल्या कांबळ्यांची यादी आहे, ती तशीच ठेवली. वही कोणी वाचायची नाही. बायकोला, साळूला, वाचता येत नाही, ही एक सोय आहे.

सांगलीच्या दवाखान्यात सतरा दिवस काढून आज दुपारच्या गाडीनं कोरेगावात परत आलो. पुरुषाच्या लघवीच्या पिशवीखाली प्रोस्टेट नावाची ग्रंथी असते. ती सगळ्यांनाच असते, माझ्या ग्रंथीत कॅन्सर निघाला. गावात मूतखडा म्हणून सांगितलं आहे. ऑपरेशन झालं. काय काढलं ते इथंसुद्धा लिहिणार नाही.

शेजारच्या खाटेवर शांतिनाथ मगदूम म्हणून सांगलीचा हळदीचा व्यापारी होता. जैन. वय माझ्याइतकंच, बासष्ट. तोच आजार, तेच ऑपरेशन, तेही एकाच दिवशी. त्याचा नंबर आधी लागला, माझा नंतर. का, ते कोणी सांगितलं नाही.

डॉक्टरांनी दोघांना एकच डाएट लिहून दिलं. जेवण हलकं. मटण, तूप, तळलेलं कमी. मीठ बेतानं. पालेभाजी, फळं, ताक, भरपूर पाणी. तंबाखू बंद. रोज एक विलायती गोळी. आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी वजन करायला यायचं.

वजन कशासाठी करतात हे मला कोणी शिकवू नये. मी फौजेतला जमादार, पलटणीच्या स्टोअरचा काटा अठरा वर्षं माझ्या ताब्यात होता. आठशे जवानांना रेशन वाटलं आहे. वजन उतरवायचं, दुसरं काय. ज्याचं आधी उतरेल तो आधी बरा होईल. आज मी १५४ पौंड, मगदूम १४१. तो पुढं आहे, पण तो पोत्यावर बसून दिवस काढणारा माणूस. दिवाळीपर्यंत त्याला मागं टाकतो.

३ मे. सकाळी ६.००

पीटी बारा मिनिटं. नाश्त्याला नाचणीची आंबील, बिनमिठाची. उत्तम सुरुवात.

दुपारी ४.००

फळं कागदावर लिहिलेलीच आहेत. आंबा हे फळ आहे. नऊ खाल्ले.

९ मे

साळू म्हणाली, आवं, शेठजींच्यात दिवस मावळायच्या आत जेवत्यात, म्हून तर त्यांचं प्वाट हलकं ऱ्हातंय, तुमीबी जेवा की. दवाखान्याच्या आवारात सतरा दिवस ती आणि मगदुमाची बायको चंदनबाला एकाच चुलीवर स्वयंपाक करत होत्या. तिथं हे सगळं शिजलं. आता आमच्या घरात कांदालसणाशिवाय आमटी होते. लग्नाला अडतीस वर्षं झाली, माझ्या सांगण्यावरून साळूनं आमटीत कधी मीठसुद्धा कमी केलं नाही. चंदनबालेनं एकदा सांगितलं आणि लसूण गेला.

तरी ठरवलं. उद्यापासून दिवस मावळायच्या आत जेवण.

१० मे

इथं एक अन्याय आहे. कोरेगावच्या पश्चिमेला जरंड्याचा डोंगर आहे. सूर्य खरा मावळायच्या आधीच त्याच्या आड जातो. सांगली सपाट. म्हणजे मगदुमाला जेवायला रोज वीस मिनिटं जास्त मिळतात. मी हात धुऊन पाटावर बसलो तेव्हा सूर्य डोंगराआड गेला होता. साळू म्हणाली, बुडाला की वो. मी म्हटलं, डोंगराआड जाणं वेगळं आणि मावळणं वेगळं. मावळण्याची वेळ सांगलीची धरायची. तिच्याकडं घड्याळ नाही, तेव्हा वाद वाढला नाही.

६ जून, सोमवार. सांगली स्टेशन, परतीच्या गाडीची वाट पाहत

मी १५६. मगदूम १३७.

कारणं: माझं धोतर पावसानं ओलं होतं. कोटाच्या खिशात अडकित्ता होता. दवाखान्याचा काटाही मला खरा वाटत नाही. पाहू का म्हणून हात पुढं केला तर सिस्टरनं मागं व्हायला सांगितलं. मगदुमानं काट्यावर चढण्याआधी पगडी, कोट, जोडे, सगळं काढून ठेवलं. हलका होण्याची कला त्याला येते.

डॉक्टरांनी त्याचं पोट दोन वेळा दाबून पाहिलं. माझं एकदाच.

४ जुलै, सोमवार. सांगली

मी १५८, तो १३१. महिन्यात सहा पौंड. हा माणूस खातो तरी काय?

व्हरांड्यातल्या बाकावर तो शेजारी येऊन बसला. इकडंतिकडं पाहून हळूच विचारलं, जमादार, तुमास्नी बी मधीच घाम फुटतोय का वो, भट्टीम्होरं बसल्यागत. मी म्हटलं, फुटतो. मग तो म्हणाला, त्या गोळीनं छाती हुळहुळती? मी म्हटलं, थोडी. मग बराच वेळ आम्ही त्या ऑपरेशनबद्दल बोललो. हे साळूशी बोलता येत नाही, डॉक्टरांशी बोलता येत नाही, भावकीत तर तोंडसुद्धा उघडता येत नाही. तो म्हणाला, मलाबी घरात सांगायला कोन न्हाई, तुमीच हाय. एवढ्या एका बाबतीत माणूस बरा आहे.

उठताना विचारलं, काल रातच्याला काय जेवला? काल रात्री लोणी लावून तीन थालीपिठं झाली होती. मी म्हटलं, दुधी भोपळा, वाफवून. त्याचा चेहरा पडला. माझी शिस्त ऐकून जळला असणार. गाडीत बसल्यावर बरं वाटत होतं.

१० जुलै

बेंदूर. बैलांना पुरणपोळी खाऊ घालून आपण भाजी खायची, हे बरं दिसत नाही. तूप अजिबात घेतलं नाही. दूध घेतलं.

१९ जुलै, मंगळवार

आखाडातला शेवटचा मंगळवार. कृष्णात आमच्या भावकीतला, त्याच्याकडं देवीचं बकरं होतं. नको नको म्हटलं. तो म्हणाला, आवं परसाद हाय, नगं म्हनू नगा तात्या. प्रसादाबद्दल डॉक्टरांच्या कागदावर काही लिहिलेलं नाही. मी कागद पुन्हा वाचून खात्री करून मगच गेलो.

नवीन ऑर्डर: श्रावण कडक पाळायचा.

२६ जुलै

सदरा छातीवर घट्ट होतो आहे. पीटीचा परिणाम दिसायला लागला. या वयात छाती भरणं सोपं नाही. साळूनं पाहिलं आणि मान फिरवली. बायकांना कौतुक करता येत नाही.

१ ऑगस्ट, सोमवार. सांगली

श्रावणी सोमवारचा उपास करून काट्यावर चढलो. १५९. उपासाची साबुदाण्याची खिचडी गाडीत बसण्याआधी खाल्ली होती, तिचं वजन आत तसंच असणार. मगदूम १२६.

मगदुमाला त्याचा मुलगा सुकुमार मोटारीतून घेऊन आला. घर दवाखान्यापासून मैलभर सुद्धा नाही. मी कोरेगावहून तिसऱ्या वर्गात उभा राहून येतो, आणि हा मैलभरासाठी मोटारीत बसतो. तरी त्याचंच वजन उतरतं.

परत त्यानं विचारलं, काल काय जेवला. मी सांगितलं, तांदळीची भाजी आणि एक भाकरी. त्यानं माझ्या मिशीकडं पाहिलं.

१४ ऑगस्ट

साळूनं मगदुमाच्या घरी द्यायला लिंबाचं गोड लोणचं घातलं आहे. चंदनबालाताईंनी सांगितलंय म्हणे, शेठजींच्या तोंडाला चव न्हाई. माझ्या तोंडाला चव आहे, हा माझा गुन्हा. ती बरणी बिब्ब्याच्या डब्यामागं लपवलेली होती. सापडली. चव पाहिली. आता पाऊण आहे.

५ सप्टेंबर, सोमवार. सांगली

मी १६१. तो ११९.

आज जे पाहिलं ते लिहून ठेवतो. त्यांचा दशलक्षण पर्वाचा उपासाचा काळ चालू आहे. मगदूम आज फक्त पाण्यावर. डॉक्टर त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि अक्षरशः विनवण्या करत होते. शेठ, उपास मोडा, दूध घ्या, तांदळाची खीर घ्या, दोन चमचे तूप घाला. शेठ म्हणाले, भूकच न्हाई डाक्टर, उपास सोडला तरी तीच गत. मला मात्र चार महिन्यांत कोणी खीर घ्या म्हणून म्हटलेलं नाही. मला सिस्टर म्हणते, जमादार, तुम्ही काय खाता ते तुमच्या अंगावर दिसतं.

भूक नाही हे त्याचं नाटक असणार. फौजेत सुद्धा असे शिपाई पाहिले आहेत, पुढं होऊन जास्त उपाशी राहायचे म्हणजे साहेबाचं लक्ष जातं. मला त्याचा राग आला. खरं लिहायचं तर मला हेवा वाटला. इथं लिहायला हरकत नाही.

१० सप्टेंबर

मगदुमाचं पोस्टकार्ड आलं. त्यांच्यात पर्व संपलं की सगळ्यांची क्षमा मागतात म्हणे. अक्षर वाकडंतिकडं. 'जमादार नाथाजी बर्गे यांस, उत्तम क्षमा. जाणता अजाणता आपल्याविषयी माझ्या मनात काही वाईट आलं असेल तर मोठ्या मनानं क्षमा करावी. उत्तर द्यावं.'

हे कार्ड मी तीनदा वाचलं. माझ्याविषयी त्याच्या मनात वाईट यायचं कारण काय? मीच तर मागं आहे. हा मला खिजवतो आहे. पुढं असलेला माणूस मागच्याची क्षमा मागतो तेव्हा त्याचा अर्थ मी पुढं आहे हे तुझ्या लक्षात आहे ना, एवढाच असतो. साळूनं विचारलं, काय लिवलंय? मी म्हटलं, हळदीचा भाव. ती म्हणाली, उत्तर धाडा वो. दिवाळीनंतर, त्याच्यापुढं गेलो की देईन. तोपर्यंत कार्ड वहीत.

३ ऑक्टोबर, सोमवार. सांगली

दसरा कालच झाला. मी १६२. श्रीखंड हे दह्याचं असतं आणि दही म्हणजे ताकाचाच भाऊबंद, तेव्हा माझी बाजू चुकीची नव्हती. मगदूम ११०. त्याला काट्यावर चढवायला सुकुमार आणि सिस्टर दोघं लागले. मला कोणी हात देत नाही. शिवाय त्याला आता व्हरांड्यात उशीवाली खुर्ची मिळते. आम्ही बाकावर.

आणि त्याला नवीन औषध. लहान बाटली, पांढरं पाणी, दुखायला लागलं की घ्यायचं. मी डॉक्टरांना स्पष्ट विचारलं, दोघांचा आजार एक, ऑपरेशन एक, डाएट एक, मग हे औषध त्यालाच का? डॉक्टर म्हणाले, जमादार, तुम्हाला त्याची गरज नाही. मी म्हटलं, गरज ठरवायला अर्ज करावा लागेल का? ते हसले नाहीत.

बाहेर आलो तर मगदुमानं पुन्हा तोच प्रश्न विचारला. काल काय जेवला? माझं डोकं तापलेलंच होतं. म्हटलं, ऐकायचंय ना, मग ऐका. आणि सगळं खरं सांगितलं. सकाळी ज्वारीची गरम भाकरी, वर लोण्याचा गोळा. वांग्याचं भरीत, हिरव्या मिरचीचा खर्डा. दुपारी श्रीखंड पुरी, पुऱ्या अकरा. चार वाजता भाजलेल्या शेंगा आणि गूळ. रात्री मटणाचा रस्सा, असं म्हणायला लागलो तर त्यानं हात वर केला. म्हणाला, मटनाचं ऱ्हाऊ द्या, त्येच्या आदीचं परत सांगा. भाकरी कशी व्हती? फुगली व्हती का? मी सांगितलं, टम्म फुगली होती. त्यानं डोळे मिटले. लोणी इतळलं का लगीच? इतळलं. डोळे मिटूनच तो हसत होता. मी बोलत राहिलो. मला वाटलं, माझी चेष्टा करतो आहे. गाडीची वेळ झाली म्हणून उठलो.

२१ ऑक्टोबर. दिवाळी

अजून ५२ पौंड मागं आहे. दिवाळीची मुदत थोडी पुढं नेली. नवीन मुदत संक्रांत. चकली मोजून चार. दुसऱ्या वेळच्या चार मोजल्या नाहीत.

७ नोव्हेंबर, सोमवार. सांगली

मी १६३. मगदूम आला नाही.

सुकुमार एकटाच आला होता. औषधाच्या दोन बाटल्या घेऊन गेला. तो डॉक्टरांशी बोलत होता तेव्हा मी दारात उभा होतो, मुद्दाम नव्हे. डॉक्टर म्हणाले, आता पथ्य काही ठेवू नका. ते जे मागतील ते त्यांना खाऊ द्या.

म्हणजे मगदूम पास झाला. डाएटमधून सुटला. सहा महिन्यांत. मी आत गेलो आणि म्हटलं, डॉक्टरसाहेब, मलाही डाएटमधून सोडा. डाएटवरची माझी नोकरी त्याच्यापेक्षा कमी नाही. डॉक्टरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, जमादार, तुम्ही डाएटवरच राहा. बरीच वर्षं राहा. पक्षपात किती उघडा असावा? डॉक्टरांना त्यांच्याकडून हळदीची पोती जात असणार.

साळू म्हणाली, चला की, हितंच तर घर हाय, शेठजींस्नी बघून येऊ. तिच्या पिशवीत लोणच्याची दुसरी बरणी होती. पास झालेल्याचं अभिनंदन करायला मी त्याच्या दारात जाणार नाही, असं तिला म्हटलं नाही. गाडी चुकेल म्हटलं. गाडीला पावणेदोन तास होते. ते स्टेशनवर बसून काढले. साळू बरणी मांडीवर घेऊन बसली होती. एकदा म्हणाली, त्यास्नी तुमची लय सवय लागलीया वो. मी वर्तमानपत्र वाचत होतो.

१७ नोव्हेंबर

सुकुमारचं पत्र आलं. शांतिनाथ मगदूम काल सकाळी गेले.

पत्र आणखी एकदा वाचलं. साळूला वाचून दाखवायचं होतं. दाखवलं.

१९ नोव्हेंबर. सांगली, धर्मशाळा

सकाळच्या गाडीनं दोघं आलो. मगदुमांचं घर पहिल्यांदाच पाहिलं. ओटीवर हळदीचा वास. पितळी घंगाळं, खुंटीवर त्यांची पगडी. मंडळी बसली होती. कोणी विचारलं, तुम्ही कोण, तर मी म्हटलं, दवाखान्यातला. त्यापेक्षा जास्त काय सांगणार?

चंदनबालावहिनी आतून आल्या. साळूला जवळ घेऊन रडल्या. मग मला म्हणाल्या, दादा, ते रोज दिवस मावळला की मला इचारायचे, आज जमादार काय जेवलं असतील गं? मी कायबाय सांगायची. आज त्यांच्याकडं कांद्याचं पिठलं झालं असंल. आज गुऱ्हाळातली काकवी आणली असंल. दसऱ्यापास्नं त्यांच्या पोटात पेजसुदिक ठरत नव्हती. खीर करायची, ताट पुढं करायची, ते नुसतं बघायचे. शेवटी म्हणायचे, ताट ऱ्हाऊ दे, तू जमादाराचं सांग.

दवाखान्यातल्या उशीवाल्या खुर्चीची आठवण होत होती.

मग त्या म्हणाल्या, तुमास्नी कार्ड धाडलं व्हतं, क्षमेचं. ते मिळालं का? ते उत्तराची वाट बघायचे, टपालवाला आला की मान वर करायचे. माझ्या तोंडून निघून गेलं, मी उत्तर टाकलं होतं वहिनी. पोस्टात गहाळ झालं असेल. वहिनी म्हणाल्या, मीबी त्यास्नी तेच सांगत व्हते.

साळूनं माझ्याकडं पाहिलं. कार्ड माझ्या वहीत आहे हे तिला माहीत आहे. तिला वाचता येत नाही, पण कार्ड ओळखता येतं.

निघताना सुकुमारनं एक वही दिली. म्हणाला, आण्णांची हाय, तुमचंच नाव लय ठिकाणी हाय, तुमीच ठेवा. डाएटची वही निघाली. डॉक्टरांनी त्यांनाही ठेवायला सांगितली असेल किंवा माझ्यासारखी आपणहून ठेवली असेल. त्यातलं जसंच्या तसं उतरवतो.

'४ जुलै. जमादार १५८. मी १३१. दुधी खाल्ला म्हणून सांगितलं. मिशीला लोणी होतं. भाग्यवान माणूस.'

'१ ऑगस्ट. जमादार १५९. डॉक्टर म्हणतात वजन टिकवा, वजन वाढवा, तेच औषध. जमादारांचं आपोआप वाढतं. मला जमत नाही.'

'५ सप्टेंबर. त्यांना भूक लागते. आज जमादारांच्या पोटातून आवाज आला, व्हरांड्यात सगळ्यांना ऐकू आला. मला त्यांचा फार हेवा वाटला. घरी येऊन णमोकार मंत्र एकशे आठ वेळा म्हटला. तरी वाटतोच. क्षमेचं कार्ड पाठवायचं.'

'३ ऑक्टोबर. आज त्यांनी खरं सांगितलं. अकरा पुऱ्या.'

पुढची पानं कोरी आहेत.

म्हणजे डॉक्टर वजन टिकवायला सांगत होते. हे त्यांनी मलाही सांगितलं असणार, पहिल्या दिवशीच. मी ऐकलं नसेल. काट्याचा अधिकारी मी. अठरा वर्षं स्टोअर चालवलेला माणूस, आणि सहा महिने मी त्या माणसाच्या मरणावर जळत होतो.

२१ नोव्हेंबर

म्हसवडच्या रथाच्या जत्रेला चला म्हणून कृष्णात आला होता. गेलो नाही.

ऑर्डर: आजपासून दिवस मावळायच्या आत जेवायचं. वेळ कोरेगावची, डोंगराआड गेला की बंद. सांगलीची वेळ धरायची नाही. शेठजींसाठी.

सायंकाळी ७.३०

सूर्य गेला तेव्हा मी मळ्यात होतो. आता जेवलो. भाकरी फुगली होती. मी जेवताना ती कशी फुगली ते मोठ्यानं बोलून सांगितलं. साळूनं तवा उतरवला आणि पदरानं डोळे पुसले.

क्षमेच्या कार्डाचं उत्तर लिहायला घेतलं. वर पत्ता लिहिला. खाली काय लिहायचं ते सुचलं नाही.

५ डिसेंबर, सोमवार. सांगली

एकटाच आलो. व्हरांड्यात खुर्ची रिकामी होती. मी बाकावरच बसलो. काट्यावरून उतरलो आणि दुसऱ्याचा आकडा ऐकायला सवयीनं मागं वळलो. मागं जतचा कोणी म्हातारा होता, त्याच्या हातात तोच डाएटचा कागद. त्याला मूतखडा आहे असं तो मला सांगत होता.

१५८. एका महिन्यात पाच पौंड कमी. पहिल्यांदा उतरलं. मे महिन्यापासून मी ज्याची वाट पाहत होतो ते हेच. डॉक्टरांनी आकडा दोनदा पाहिला आणि माझं पोट दोन वेळा दाबलं. काल काय जेवलात म्हणून विचारलं. मी सांगितलं, लोणी लावून भाकरी, भरीत, अकरा पुऱ्या. कारणं अनेक असू शकतात. थंडीत धोतर सुकं असतं. अडकित्ता घरी ठेवला होता. कोट काढला होता, जोडे काढले होते.

सायंकाळी ६.००, कोरेगाव

साळू दारातच होती. किती भरलं, म्हणाली. मी म्हटलं, १६५, दोन पौंड वाढलं. तिनं देवापुढं साखर ठेवली आणि एक चिमूट माझ्या हातावर दिली. मग विचारलं, काय करू जेवायला? मी म्हटलं, मटण कर, चांगलं तर्रीचं. इतकी खूश झाली की डॉक्टरांचा कागदही तिला आठवला नाही. कृष्णाताकडं स्वतः जाऊन मटण घेऊन आली.

सायंकाळी ७.४५

रस्सा छान झाला होता. अर्धी भाकरी गेली. बाकीचं ताट झाकून ठेवायला सांगितलं. प्रवासाचा शीण आहे. भूक उद्या लागेल.